सियागंजची उधारी, पीएचपीस्टॅन आणि हाती न लागलेली चूक

सराफ्यातला निशाचर · रविवार, रात्री ११:५२

बऱ्याच दिवसांनी तंत्र विभागात धागा काढतोय. आधीच सांगतो, कोड टाकलेला नाही. इथल्या एडिटरमध्ये डॉलरचं चिन्ह आलं की पुढची ओळ गायब होते, हे मागच्या धाग्यात भोगून झालंय. सगळं शब्दांत सांगतो.

मी इंदूरचा, सुदामानगरात राहतो. दिवसा नोकरी, आणि रात्री एक जुनं ओझं वाहतो: सियागंजातल्या एका किराणा-मसाल्याच्या होलसेल पेढीचं बिलिंग आणि उधारीचं सॉफ्टवेअर. पीएचपी (वेबसाइटच्या मागचा कोड लिहायची भाषा) ५.३ च्या काळात लिहिलेलं. क्लासेस आहेत, पण नावापुरते. आत सगळा ॲरेंचा, म्हणजे की-व्हॅल्यूच्या जोड्यांच्या याद्यांचा, बाजार. पार्टी म्हणजे ॲरे, बिल म्हणजे ॲरे, पावती म्हणजे ॲरेतला ॲरे. ओढत ओढत मी ते ८.२ वर आणलं.

या पेढीत प्रत्येक पार्टीचा नंबर म्हणजे जुन्या लाल खातेवहीचं पान. १११२ म्हणजे १११२ व्या पानावरचा माणूस. वही भरली तेव्हा मुनीमजींनी दुसरी वही घातली आणि तिची पानं म-१, म-२ अशी सुरू केली. म्हणून डेटाबेसमध्ये हा कॉलम स्ट्रिंग (अक्षरांचा मजकूर) आहे, इंटिजर (नुसता आकडा) नाही.

फेब्रुवारीत मालकांनी मल्हारगंजात दुसरी पेढी उघडली. तिकडची पानं ५००१ पासून. पावतीच्या स्क्रीनवर दोन्हीकडच्या पार्ट्या एकत्र दिसाव्यात म्हणून मी दोन ॲरे घेतले (की म्हणजे पान नंबर, व्हॅल्यू म्हणजे पार्टी) आणि ॲरे-मर्ज केलं, म्हणजे दोन्ही एकात जोडले. एका ओळीचं काम. तपासताना म-७ आणि म-१४ घेऊन पाहिलं, बरोबर चाललं, झोपलो.

मार्चअखेरीला मुनीमजींचा फोन. "भिया, पैसा तो आया, पर किसी और के पन्ने पे चढ़ गया." एकाचं नाही, कितीतरी जणांचं. गंमत म्हणजे म-वाली सगळी खाती चोख. घोळ फक्त नुसत्या आकड्यांच्या खात्यांत.

कारण जाणकारांनी ओळखलं असेल. पीएचपीच्या ॲरेत "१११२" अशी स्ट्रिंग की म्हणून दिली, की भाषा तिचा गुपचूप इंटिजर करते. "०१११२" दिली तर स्ट्रिंगच राहते, "म-१४" तर राहतेच. आणि ॲरे-मर्ज स्ट्रिंग की जपतं, पण इंटिजर की फेकून देऊन शून्यापासून नवे नंबर लावतं. मधली बंद खाती यादीत नसल्यामुळे १११२ चं झालं १०४०. आणि १०४० वर दुसराच एक व्यापारी बसलेला. स्क्रीनवर नाव बरोबर, मागे जाणारा नंबर चुकीचा.

मुनीमजींनी लाल वही घेऊन अर्ध्या दिवसात सगळी पानं जुळवली. मालक मला काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, दुबारा नहीं होना चाहिए.

म्हणून पीएचपीस्टॅन बसवलं. माहीत नसलेल्यांसाठी: हे टूल कोड चालवत नाही, नुसतं वाचतं. फाइल फोडून तिचं झाड बनवतं आणि प्रत्येक फांदीवर विचारतं, इथे कुठल्या टाइपची (इंटिजर, स्ट्रिंग वगैरे) वस्तू येते, आणि जिथे चाललीय तिथे ती चालेल का. ओंद्रेय मिर्तेस नावाच्या चेक प्रोग्रामरनं २०१६ च्या डिसेंबरात हे बाहेर आणलं. त्यात लेव्हल आहेत. शून्य सगळ्यात मवाळ, आणि २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून वर १० पर्यंत.

लेव्हल ० लाच पहिला दणका. चेक बाउन्स नोंदवायच्या स्क्रीनमध्ये 'ईच' हे जुनं फंक्शन वापरलेलं, जे पीएचपी ८.० मध्ये भाषेतून काढूनच टाकलंय. म्हणजे मी ८.२ वर आणलं त्या दिवसापासून तो स्क्रीन मेलेला होता. कुणाचा चेक परत आला नाही म्हणून कळलं नाही. (चेक बाउन्सची चूक चेक माणसाच्या टूलनं पकडली. हसून घ्या.)

लेव्हल २ ला नसलेल्या मेथड (क्लासमधली फंक्शन्स) बोलावलेल्या सापडल्या. ३ ला 'बूलियन (खरं की खोटं) देतो' म्हणून सांगून काहीच न देणारी फंक्शन्स. ५ ला खरी मजा, कारण तिथे ते आर्ग्युमेंटचे (फंक्शनला दिलेल्या गोष्टींचे) टाइप बघतं: कुठे इंटिजर हवा तिथे स्ट्रिंग, कुठे पार्टी हवी तिथे फॉल्स. लेव्हल ६ म्हणजे पूर. ज्या ज्या मेथडला टाइप लिहिलेला नाही ती प्रत्येक मेथड एक एरर.

इथे बेसलाइन कामाला आली. आजवरच्या सगळ्या एरर एका फाइलमध्ये लिहून ठेवायच्या, टूल त्या सोडून देतं आणि फक्त नव्या दाखवतं. मुनीमजींना समजावलं तर लगेच म्हणाले, मागील बाकी ओढली म्हणा की. तेच. जुनी उधारी खात्यात दिसते, नवी उधारी बंद.

आता ज्यासाठी धागा काढला ते. दीड महिना रात्री जागून लेव्हल ६ पर्यंत आलो. मग गिटमधून (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं टूल) फेब्रुवारीतला तो जुना कोड काढला आणि नव्या सेटिंगनं त्याच्यावर टूल चालवलं.

नो एरर्स. हिरवंगार.

ज्या चुकीसाठी एवढं आरंभलं तीच याला दिसत नाही. लेव्हल ८ ला, ९ लाही नाही. माझं काही चुकतंय, की याच्या आवाक्याबाहेरचंच आहे हे?

---

चालतंयकी · सोमवार, सकाळी ८:१०

धाग्याची जिलबी इंदुरी आहे म्हणून माफ.

पण मला एक सांगा, बारा-पंधरा वर्षं चाललेल्या कोडला हात लावायची काय धाड भरली होती? तो चेक बाउन्सवाला स्क्रीन तुम्ही ८.२ वर नेलं म्हणून मेला. आणि शेवटी चूक पकडली कुणी? मुनीमजींनी, लाल वहीनं. टूलनं नव्हे. दोन टेस्ट लिहिल्या असत्या, त्यात १११२ घातला असता, तर दीड महिना झोप झाली असती.

---

मांजलपूरची मी · सोमवार, सकाळी ९:३५

@चालतंयकी, जुन्या पीएचपीला सुरक्षेचे अपडेट येणं बंद होतं. पैशाचा हिशेब तसल्या सर्व्हरवर ठेवायचा का?

निशाचर, मी बडोद्यात टाइपस्क्रिप्टवर (टाइप लावलेली जावास्क्रिप्ट) काम करते. पीएचपी कॉलेजनंतर सोडलं, पण तुमचं दुखणं ओळखीचं वाटलं. आमच्याकडे २०१२ पासून टाइप आहेत, कंपायलरच तपासतो, सगळं छान. फक्त ते टाइप ब्राउझरमध्ये पोचतच नाहीत. कंपाइल झालं की सगळे पुसले जातात. सर्व्हरकडून जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) आलं आणि मी 'ॲज पार्टी' असं लिहिलं, की कंपायलर मान डोलावतो. आत काय आहे ते तो बघत नाही, तो माझ्या शब्दावर विश्वास ठेवतो. गेल्या वर्षी एका एपीआयनं (डेटा पुरवणाऱ्या बाहेरच्या सेवेनं) रकमेचा आकडा अचानक अवतरणचिन्हांत पाठवायला सुरुवात केली. आमच्या बेरजेत १०० अधिक ५० चे १००५० झाले. सगळं टाइपसेफ!

आता नियम केलाय: बाहेरून आलेलं काहीही आधी 'अननोन' (२०१८ पासून, ३.० मध्ये आलं). 'अननोन'ला हात लावण्याआधी तपासावंच लागतं, नाहीतर कंपायलर पुढे जाऊ देत नाही. 'एनी' (काहीही चालेल) लिहिलं तर तो डोळे मिटतो.

तुमच्या त्या दोन याद्यांवर डॉकब्लॉकमध्ये (कोडवरच्या टिपेत) काय टाइप लिहिला होता?

---

सराफ्यातला निशाचर · सोमवार, दुपारी १:२०

@चालतंयकी, टेस्टचं पटतं आणि आता लिहिल्याही आहेत. पण टेस्ट तुम्हाला तुम्ही चाललेल्या रस्त्याचं सांगते. मी म-७ घेऊन चाललो, रस्ता साफ होता. १११२ घ्यायचं सुचलं असतं तर चूकच झाली नसती. टूल निदान ज्या गल्लीत कुणी जात नाही तिथेही जाऊन येतं.

@मांजलपूरची मी, लिहिलं होतं: ॲरे, की स्ट्रिंग, व्हॅल्यू पार्टी.

---

मांजलपूरची मी · सोमवार, दुपारी १:२६

मग तुम्ही त्याच्याशी खोटं बोललात. 🙂

---

लष्करवाला · सोमवार, सायंकाळी ६:०५

ताईंनी एका ओळीत सांगितले ते मी जरा विस्ताराने सांगतो. ग्वाल्हेरात बरीच वर्षे संगणकशास्त्र शिकवले, आता निवृत्त आहे, वेळच वेळ आहे.

निशाचर, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पहिला, टूलला हे दिसायला हवे होते का? तुम्ही लिहिलेत की 'की स्ट्रिंग आहे'. टूलने ते प्रमाण मानले. स्ट्रिंग की असलेले दोन ॲरे मर्ज केले तर की जशाच्या तशा राहतात, तेव्हा त्याच्या हिशेबात सगळे बरोबर. प्रत्यक्षात की इंटिजर झालेली होती, कारण पीएचपीचा ॲरे 'आकड्यांसारखी दिसणारी स्ट्रिंग की' ठेवूच शकत नाही. हे भोक भाषेत आहे, आणि टूल त्याकडे काणाडोळा करते. मुद्दाम करते. प्रत्येक स्ट्रिंग की ही 'कदाचित इंटिजर' धरली तर जगातला अर्धा कोड लाल होईल आणि लोक टूलच काढून टाकतील.

करून बघा: तुमच्या फाइलच्या डोक्यावर 'स्ट्रिक्ट टाइप्स' (टाइप आपोआप बदलू न देणारी सेटिंग) लावा, त्या ॲरेवर फॉरईच (एकेक जोडी घेत जाणारा लूप) चालवा, आणि येणारी की स्ट्रिंग मागणाऱ्या मेथडला द्या. पीएचपीस्टॅन म्हणेल ठीक. चालवल्यावर १११२ ला टाइपएरर फेकला जाईल आणि म-१४ ला नाही.

दुसरा प्रश्न मोठा. काहीच न निसटणारे आणि उगीच कधी न ओरडणारे टूल करता येईल का? नाही. हेन्री राइसने १९५३ साली सिद्ध केले आहे की प्रोग्रॅमच्या वागणुकीबद्दलचा कुठलाही सार्थ प्रश्न सर्व प्रोग्रॅमसाठी अचूक सोडवणारी रीत असू शकत नाही. म्हणून टूल बनवणाऱ्याला ठरवावे लागते: चुकून सोडायचे की उगीच अडवायचे. अगदी पहिले 'लिंट' (कोड तपासणारे जुने टूल) घ्या, स्टीफन जॉन्सनचे, बेल लॅब्जमधले, १९७० च्या दशकातले. तेही हेच करत होते. कपड्यावरचे धागे वेचायचे, कापड तपासायचे नाही.

---

भंवरकुआँवाला · सोमवार, रात्री ९:४८

दादा, मी सेकंड इयरला आहे, इंदूरलाच. तुमचा धागा वाचून माझ्या मिनी प्रोजेक्टवर साम टाकलं (पीएचपीस्टॅनसारखंच आहे म्हणून वाचलं होतं). म्हटलं सोप्यापासून सुरू करू, लेव्हल १. दोनशेच्या वर एरर. माझा प्रोजेक्टच चारशे ओळींचा आहे. सोडून देऊ का हे क्षेत्र?

---

जावाबाबा · सोमवार, रात्री १०:०२

😂😂 बाळा, थांब. साममध्ये उलटं आहे. तिथे १ म्हणजे सगळ्यात कडक आणि ८ म्हणजे सगळ्यात मवाळ. तू थेट फायनलच्या पेपरला बसलास.

---

भंवरकुआँवाला · सोमवार, रात्री १०:०४

😭 ८ वर सहा एरर. क्षेत्र सोडत नाही.

---

जावाबाबा · सोमवार, रात्री १०:३१

साम मूळ व्हिमिओवाल्यांनी स्वतःच्या कोडसाठी बनवलं. त्यातली एक गोष्ट मात्र घे: टेंट ॲनालिसिस. फॉर्ममधून आलेली व्हॅल्यू 'डागाळलेली' धरतात आणि ती धुतल्याशिवाय एसक्यूएलपर्यंत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेपर्यंत) पोचते का, हे फंक्शनमागून फंक्शन हुडकत जातात. मिनी प्रोजेक्टच्या व्हायवाला मार्क मिळतील.

बाकी आमच्या जावात हे सगळं पहिल्या दिवसापासून कंपायलरच करतो. तुम्ही लोक वीस वर्षं बिनटाइपाचं लिहिता आणि मग डॉक्टर शोधता.

---

मांजलपूरची मी · सोमवार, रात्री १०:४०

जावाबाबा, नलपॉइंटर एक्सेप्शन (जिथे वस्तूच नाही, नुसता 'नल' आहे, तिथे हात घातला की पडणारी चूक) कुठल्या भाषेचं कुलदैवत आहे ते सांगता का?

---

जावाबाबा · सोमवार, रात्री १०:४४

🏳️

---

लष्करवाला · मंगळवार, सकाळी ७:१५

नलचे पाप टोनी होअर यांच्या नावावर आहे, १९६५, अल्गोल डब्ल्यू ही भाषा. त्यांनी स्वतःच २००९ मध्ये जाहीरपणे ते अब्ज डॉलरची चूक म्हणून कबूल केले. आणि इथे पीएचपीवाल्यांची बाजू घेतो: ७.१ पासून टाइपच्या आधी प्रश्नचिन्ह लावून 'नल येऊ शकतो' असे लिहिता येते, आणि पीएचपीस्टॅन लेव्हल ८ ला ते न तपासता मेथड बोलावली की अडवते. जावाच्या कंपायलरला हे आजही बाहेरची मदत घेतल्याशिवाय जमत नाही.

---

चालतंयकी · मंगळवार, सकाळी ९:००

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

---

सराफ्यातला निशाचर · मंगळवार, रात्री ११:३०

लष्करवाला काका, तो फॉरईचचा प्रयोग केला. अगदी तुम्ही म्हणालात तसंच. १११२ ला धाडकन पडलं, म-१४ निवांत.

ताई, खोटं बोललो हे कबूल. आणि कबुलीजबाब चाललाच आहे तर अजून एक सांगतो. हे मालकांनाही सांगितलेलं नाही.

लेव्हल ५ ची साफसफाई करत होतो. एक तक्रार अशी: 'सुरुवातीची बाकी' लावणारी मेथड इंटिजर मागते, तुम्ही स्ट्रिंग देताय. रात्रीचे दोन वाजलेले. मी पुढे कंसात इंट लिहून कास्ट केलं, म्हणजे जबरदस्तीनं इंटिजर करून टाकलं. तक्रार गेली. तशाच आणखी वीसेक जागी कास्ट मारले. त्या रात्री एररचा आकडा इतका भराभर उतरला की मी खूश होऊन सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाऊन आलो.

पुढच्या आठवड्यात मल्हारगंजची जुनी बाकी एक्सेलमधून चढवली. एका पार्टीची बाकी होती १,२५,००० रुपये. चढली १ रुपया.

पीएचपी कास्ट करताना स्ट्रिंगच्या सुरुवातीचे आकडे घेतं आणि पहिल्या परक्या चिन्हापाशी थांबतं. स्वल्पविराम आला, थांबलं. ना वॉर्निंग, ना नोटिस. आणि टूल? ते तर हिरवंच असणार, कारण त्यानं मागितला होता इंटिजर आणि मी दिला इंटिजर. एक हा इंटिजरच आहे ना.

या वेळी वाचलो, कारण चढवल्यावर एकूण बेरीज बघायची सवय मुनीमजींनी लावलीय. पण त्या रात्री विचार केला की टूल मला काय विचारत होतं? ते विचारत होतं, "ही स्ट्रिंग कुठून आली आणि तिच्यात आकडाच आहे हे तुला कसं माहीत?" आणि मी त्याचं तोंड दाबलं. कास्ट नसता तर ती लाल ओळ तिथे उभी राहिली असती.

आता ते वीसही कास्ट काढले. रकमेसाठी वेगळा क्लास. आत पैशांत (रुपयांत नव्हे) इंटिजर, आणि बनवायची एकच वाट: स्ट्रिंग द्या, स्वल्पविराम नीट हाताळला जाईल, बाकी काही वेडंवाकडं दिसलं तर तिथेच एक्सेप्शन. आमच्या कॉलनीत कचरागाडीवाला बादलीत डोकावून बघतो ना, ओल्यात सुका दिसला की परत करतो, तसं दाराशीच. आत आल्यावर निवडत बसायचं नाही.

पान नंबरचंही तेच केलं. 'पाननंबर' नावाचा क्लास. 'पार्टीयादी' दुसरा क्लास. यादीतून पार्टी हवी असेल तर पाननंबर द्यावा लागतो, नुसती स्ट्रिंग किंवा आकडा दिला की लेव्हल ५ लाच बोंब. आणि यादीच्या आत ॲरेच्या कीला मी पुढे 'प:' जोडतो, म्हणजे 'प:१११२'. आता भाषेची काय बिशाद आहे इंटिजर करायची. दोन याद्या जोडायची मेथड यादीच्याच क्लासमध्ये, एकच नंबर दोनदा आला तर एक्सेप्शन. बाहेर कुणाच्या हातात ॲरेच नाही, तर मर्ज करणार कशाला?

फेब्रुवारीतली चूक टूलला आजही दिसत नाही. पण ती ओळ आता मला लिहिताच येत नाही.

---

मांजलपूरची मी · बुधवार, सकाळी ९:१२

हे आवडलं. वाचनखूण साठवली.

एक विचारते. रक्कम डेटाबेसमधून येते तेव्हा? तिथे कॉलम डेसिमल (दशांश) आहे ना?

---

सराफ्यातला निशाचर · बुधवार, दुपारी १:४५

हो, आणि तिथेही एक गंमत. मायएसक्यूएल डेटाबेसमधून पीडीओनं (पीएचपीचा डेटाबेसशी बोलणारा भाग) आणलेले इंटिजर कॉलम आधी आमच्याकडे स्ट्रिंग म्हणून यायचे, कारण प्रिपेअर्ड स्टेटमेंटची (आधी आज्ञेचा साचा, मग त्यात किमती) नक्कल पीडीओ स्वतः करत होतं. पीएचपी ८.१ पासून तशाही परिस्थितीत ते खरे इंटिजर येतात. म्हणजे जुन्या कोडमध्ये जिथे तीन बरोबरची चिन्हं टाकून (म्हणजे टाइपसकट) "१" या स्ट्रिंगशी तुलना केलेली होती, तिथली अट कायमची खोटी ठरायला लागली. डेसिमल मात्र आजही स्ट्रिंगच येतो, आणि तेच बरं. फ्लोट (अंदाजे साठवलेला दशांश) झाला असता तर पैशापैशाचा घोळ. ती स्ट्रिंग त्याच रकमेच्या क्लासला देतो.

पीएचपीस्टॅनला यातलं काही कळत नाही, त्याला डेटाबेसमधून येतं ते 'मिक्स्ड' (कुठल्याही टाइपचं). लेव्हल ९ ला ते म्हणतं, मिक्स्डला हात लावू नकोस. तिथवर अजून पोचलो नाहीये.

---

भंवरकुआँवाला · बुधवार, सायंकाळी ५:३०

दादा, मोबाइल नंबर की म्हणून ठेवला तर तोही इंटिजर होईल का? माझ्या प्रोजेक्टमध्ये तसंच आहे.

---

सराफ्यातला निशाचर · बुधवार, सायंकाळी ५:५०

६४-बिट मशीनवर होईल. पिनकोडही होईल, ४५२००१ चा सरळ इंटिजर. जीएसटी नंबरला भीती नाही. आपला २३ नं सुरू होतो, पण पुढे अक्षरं असतात. नुसतं की म्हणून शोधायला काही बिघडत नाही, मर्ज करशील किंवा तीच की परत स्ट्रिंग म्हणून कुठे देशील तेव्हा चटका बसेल.

---

जावाबाबा · बुधवार, रात्री १०:१५

पांढरं निशाण खाली ठेवून परत आलोय. निशाचर, उधारीवाल्या आणि रोखीवाल्या पार्ट्या वेगळे सबक्लास (मूळ क्लासवरून काढलेले पोटप्रकार) केलेत का? केले असतील तर तुम्ही पुढच्या खड्ड्याकडे निघालात.

---

सराफ्यातला निशाचर · बुधवार, रात्री ११:०५

बाबा, त्या खड्ड्यातूनच लिहितोय! उधारीपार्टी ही पार्टीची सबक्लास. पार्टीयादीला डॉकब्लॉकमध्ये टेम्प्लेट लावून जेनेरिक केलं, म्हणजे यादी कशाची ते वापरताना सांगायचं. आता 'उधारीपार्टींची यादी' ही 'पार्टींची यादी' मागणाऱ्या मेथडला दिली तर टूल नाही म्हणतं. उधारीपार्टी ही पार्टी आहे ना? मग तिची यादी पार्टींची यादी का नाही?

---

जावाबाबा · बुधवार, रात्री ११:२८

कारण ती मेथड यादीत भर घालू शकते. तिला वाटतंय तिच्याकडे पार्टींची यादी आहे, तेव्हा ती खुशाल एक रोखीवाली पार्टी आत टाकेल. तिच्या बाजूनं काही चूक नाही. तुम्ही मात्र परत येऊन त्याच यादीवर 'उधारीची मुदत' विचारत फिराल, आणि रोखीवाल्याला मुदतच नाही.

आमच्या जावाच्या ॲरेमध्ये हीच चूक पहिल्या दिवसापासून आहे (बघा, मीच कबूल करतोय). तिथे सबक्लासचा ॲरे सुपरक्लासचा म्हणून चालतो, आणि चुकीची वस्तू टाकली की चालू प्रोग्रॅममध्ये ॲरेस्टोअर एक्सेप्शन. जेनेरिक्स २००४ मध्ये आले तेव्हा शहाणे झाले.

उपाय: ज्या यादीत फक्त वाचायचं आहे तिचा वेगळा इंटरफेस करा, भर घालायची मेथडच नसलेला, आणि त्याचं टेम्प्लेट 'कोव्हेरियंट' (सबक्लासची यादी सुपरक्लासची म्हणून चालेल असं) म्हणून लिहा. मग टूल चालवून घेईल.

---

लष्करवाला · गुरुवार, सकाळी ७:२०

हे बार्बरा लिस्कॉव्ह यांचे तत्त्व. जिथे बापाला बोलावले तिथे मुलगा गेला तरी यजमानाचे काही अडता कामा नये. मुलाने जास्त खाऊ नये आणि कमी देऊ नये, म्हणजे आर्ग्युमेंट रुंद चालेल, परतावा अरुंद चालेल, उलट नाही. पीएचपीत ७.४ पासून हे दोन्ही बाजूंनी लिहिता येते, आणि ८.० पासून मेथडची सही जुळली नाही तर सरळ फेटल एरर. पण डॉकब्लॉकमधल्या जेनेरिक्सचा पीएचपीला पत्ताच नाही, तिथे पहारा फक्त टूलचा.

---

चालतंयकी · गुरुवार, सकाळी ९:४०

पॉपकॉर्न संपले. काल ऑफिसात गंमत म्हणून आमच्या प्रोजेक्टवर लेव्हल ० चालवलं. आकडा सांगत नाही.

पण निशाचर, तुमच्या त्या 'प:' मध्ये एक शंका. पार्ट्यांची यादी कीप्रमाणे लावून दाखवत असाल ना, केसॉर्ट करून? आधी की इंटिजर होत्या, ९ नंतर १० यायचा. आता 'प:१०' हा 'प:९' च्या आधी येणार. सगळा पानांचा क्रम विस्कटला असेल. टाइप सगळे बरोबर, टूल हिरवं.

---

सराफ्यातला निशाचर · गुरुवार, सकाळी ९:५८

अरे देवा. मुनीमजींचा काल दुपारीच मिस्ड कॉल होता. मी म्हटलं, रात्री बघू.

केसॉर्टला नॅचरल (आकड्यांचा क्रम पाळणारा) फ्लॅग लावतो आणि मग त्यांना फोन करतो. त्याच क्रमानं.